मैदान कोणाचे? : छात्राध्यापकांच्या वह्या आणि दलित आत्मकथनांतील खेळ

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यानंतरच्या चार दशकांहून अधिक काळात दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ समीक्षा झाली. पाणवठा, देऊळ, चावडी, मेलेले ढोर, शिळी भाकर या जागा आणि या वस्तू समीक्षकांनी पुनःपुन्हा तपासल्या. त्यांची प्रतीके झाली, प्रतीकांची परिभाषा झाली, आणि आता त्या परिभाषेत विद्यार्थी परीक्षेची तयार उत्तरे लिहितात. शाळेचाही विचार झाला, नाही असे नाही. पण तो वर्गाच्या चार भिंतींत झाला : कोण कुठे बसले, कोणाची पाटी कोणी दुरून तपासली, मडक्यातले पाणी कोणी वरून ओतले. वर्गापुढच्या पटांगणात काय घडत होते, इकडे आमच्या समीक्षेचे लक्ष गेले नाही.

हे दुर्लक्ष मला साधे वाटत नाही. त्यामागे दोन समज आहेत. पहिला असा की, खेळ ही क्षुल्लक गोष्ट आहे. पोट, पाणी आणि प्रतिष्ठा यांच्या प्रश्नांपुढे विटीदांडूचे काय घेऊन बसलात? दुसरा असा की, खेळाच्या मैदानावर जात नसते, तिथे फक्त गडी असतात. पहिला समज आपल्यातल्याच कार्यकर्त्यांचा आहे, दुसरा प्रस्थापितांचा. दोन्ही खोटे आहेत, असे माझे म्हणणे आहे आणि ते मी दोन प्रकारच्या मजकुरांच्या आधारे मांडणार आहे. एक, आपली छापील आत्मकथने. दुसरा मजकूर कधीच छापला जात नाही. तो म्हणजे छात्राध्यापकांच्या आंतरवासितेच्या वह्या. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवतो. या वह्या तपासणे हे माझ्या नोकरीचे काम आहे.

१

आरंभ मुक्ता साळवेपासून करावा लागतो. मुक्ता ही मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात ती बाजीरावाच्या अमदानीतली हकिकत सांगते. तालीमखान्यापुढून कोणी मांग किंवा महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याचे मस्तक उडवून त्याला चेंडूसारखे टोलवीत, आणि दांडूच्या जागी तलवार असे. इतिहासकारांनी या हकिकतीची छाननी जरूर करावी. साहित्याचा वाचक म्हणून मला त्यात दिसते ते वेगळे. आपल्या समाजातल्या पहिल्या शिकत्या पिढीतली ही मुलगी. जुलमाचे चित्र काढायची वेळ आली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे खेळाचे मैदान आले. तालीम, मैदान, चेंडू, दांडू. खेळणारे कोण आणि खेळण्याचे साहित्य कोण, हा भेद तिने तिथेच दाखवून ठेवला. दलित गद्याच्या उगमापाशी मैदान आहे, आणि आमची समीक्षा मात्र त्याला वळसा घालून पुढे गेली.

त्याच पुण्यात दुसरी एक तालीम होती. ती लहुजी वस्ताद साळवे यांची. जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले ते लहुजींकडे. वस्ताद मांग, शिष्य माळी. एका तालमीपुढून नुसते जाणे हा अपराध आणि दुसऱ्या तालमीत वस्तादच अस्पृश्य. म्हणजे मैदान स्वभावतः कोणाचे नसते. ते कोणाच्या ताब्यात आहे यावर सारे ठरते. मी शिकवताना वापरलेल्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत इतिहासाचे प्रकरण ग्रीसपासून सुरू होते आणि व्यायाममंदिरांच्या चळवळीवर येऊन थांबते. लहुजींचे नाव त्यांत मला आढळले नाही.

२

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या शाळेच्या सहलीच्या प्रसंगावर पुष्कळांनी लिहिले आहे, पण लिहिले ते जेवणाच्या पंगतीवर आणि उरलेल्या अन्नावर. त्याच प्रसंगात खेळ आहे. गावातली सवर्ण मुले कबड्डी मांडतात. महारांच्या मुलांना त्या कबड्डीत जागा नसते. ती बाजूला आपला शिवून पळण्याचा खेळ खेळतात. एकाच माळावर दोन खेळ चालू आहेत. अंतर हाकेचे आहे, पण एका खेळातला गडी दुसऱ्या खेळात जाऊ शकत नाही.

इथे खेळाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. आपले बहुतेक देशी खेळ स्पर्शावर चालतात. कबड्डीत शिवल्याशिवाय गडी बाद होत नाही आणि पकड घातल्याशिवाय चढाई अडत नाही. खो-खोत पाठीला हात लावूनच खो द्यावा लागतो. लंगडीत तेच, आट्यापाट्यांत तेच. फुगडी तर हातात हात घेतल्याशिवाय होतच नाही. ज्या समाजाने स्पर्शाला पाप मानले, त्याच समाजाने आपल्या मुलांसाठी स्पर्शाचे खेळ रचले. मराठीत पोरांच्या एका खेळाला आणि अस्पृश्यतेच्या आचाराला शब्दही एकच आहे : शिवाशिवी. तेव्हा ‘मैदानावर जात नसते’ हे विधान भाषेच्याच पातळीवर टिकत नाही. जात नसती तर त्या माळावर दोन खेळ कशासाठी मांडावे लागले असते?

त्या प्रसंगाचा पुढचा भाग समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सहलीनंतर मास्तर वर्गाला सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला तो लिहिता येत नाही, आणि त्याबद्दल त्याच्या वाट्याला जातीवरून हिणकस बोल येतात. त्याला लिहिता का येत नाही? शब्द नव्हते म्हणून नव्हे. सहलीच्या निबंधाचा साचा ठरलेला असतो. पहाटे उठलो, निसर्ग पाहिला, एकत्र जेवलो, खेळलो, आनंदाने घरी आलो. या साच्यात दोन झाडांखाली झालेली दोन जेवणे आणि एका माळावरचे दोन खेळ बसत नाहीत. मुलाने खरे लिहिले तर तो निबंध ठरत नाही, आणि निबंध लिहिला तर ते खरे ठरत नाही. ‘अक्करमाशी’ हे पुस्तक म्हणजे तो राहिलेला निबंध आहे, असे मी समजतो. दलित आत्मकथन या प्रकाराची गरज का पडली, याचे उत्तर त्या एका कोऱ्या पानात आहे.

३

आता वह्यांकडे येतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची. या काळात छात्राध्यापक आपल्या विषयाचे पाठ घेतो आणि शाळेतील इतर उपक्रमांतही भाग घेतो. त्यात खेळाचा तास येतो, क्रीडामहोत्सव येतो, स्वातंत्र्यदिनाची कवायत येते. प्रत्येकाची नोंद वहीत करायची. वहीला रकाने असतात : उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन आणि शेवटी ‘अनुभव’. या शेवटच्या रकान्याला चार ओळींची जागा असते.

त्या चार ओळींत काय लिहिले जाते? ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. खिलाडूवृत्ती व सांघिक भावना वाढीस लागली.’ दहापैकी नऊ वह्यांत हीच वाक्ये थोड्या फरकाने सापडतात. वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे, एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे ती वारशाने जातात. सहलीच्या निबंधाचा साचा आता मोठा झाला आहे, एवढेच.

पण कधी कधी वहीच्या मागच्या पानांवर, पेन्सिलीने, तपासणाऱ्याच्या नजरेत यावे की येऊ नये अशा बेताने लिहिलेला मजकूर मिळतो. गेल्या काही वर्षांत मी असा मजकूर वेगळा ठेवीत आलो. त्यातील तीन नोंदींचा आशय सांगतो. नावे, गावे, शाळा सांगण्याचे कारण नाही.

पहिली नोंद एका मुलीची. पाचवीच्या मुलींना जोडीचे व्यायाम द्यायचे होते. तिने टाचणात लिहिल्याप्रमाणे ‘जोड्या करा’ अशी आज्ञा दिली. क्षणात सगळ्या जोड्या झाल्या, एक मुलगी उरली. संख्या विषम असेल म्हणून तिने मोजले, तर संख्या सम होती. दुसरीही एक मुलगी उरलेली होती. ती पाणी प्यायचे निमित्त काढून नळाकडे गेली होती. दोघींनाही ठाऊक होते की आपल्याला कोणी हात देणार नाही. छात्राध्यापिकेने पुढे लिहिले आहे की, ती नळाकडे जाणारी मुलगी तिने लगेच ओळखली, कारण पंचमीच्या फुगड्यांच्या वेळी तीही अशीच नळाकडे जात असे.

दुसरी नोंद एका मुलाची. शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम होते. त्याच्याकडे सराव घेण्याचे काम आले. लेझीम चाळीस मुलांच्या हातात, आणि हलगी एकाच्या हातात. हलगीवाल्या मुलाला त्याने विचारले की तुला लेझीम नको का? वर्गशिक्षकांनी परस्पर उत्तर दिले, त्याच्या रक्तातच हलगी आहे, त्याला शिकवावे लागत नाही. हे कौतुकाने म्हटले गेले. मुलगा काही बोलला नाही. छात्राध्यापकाने लिहिले आहे, ‘मी पण शाळेत सहा वर्षे हलगी वाजवली. लेझीम मला अजून येत नाही. आज मी लेझमाचा सराव घेतला.’

तिसरी नोंद कामांची. क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी मैदानातले खडे कोणी वेचले, फक्की कोणी मारली, पाण्याचे पिंप कोणी भरले, मंडपाच्या सतरंज्या कोणी झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मशाल कोणी धरली, संचलनाच्या पुढे कोण होते, गुण कोणी लिहिले, शिट्टी कोणाकडे होती, याची तिने यादी केली आहे. यादीवर एक शब्दाचेही भाष्य नाही. भाष्याची गरजही नाही. नावे आणि आडनावे वाचली की गावाचा नकाशा दिसतो.

या नोंदी वाचताना ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ची (१९९७) आठवण आल्याखेरीज राहात नाही. मुख्याध्यापक त्या मुलाला वर्गात बसू न देता खोल्या, व्हरांडे आणि मैदान झाडायला लावतात. तिसऱ्या दिवशी वडील शाळेवरून जाताना ते पाहतात आणि हातातली झाडू हिसकावून फेकून देतात. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) शाळेतले शेण काढण्याचा हुकूम येतो, मुलगी नकार देते, मार खाते, आणि आई गुरुजींना जाब विचारते. हिंदीतले एक आणि मराठीतले एक, दोन्ही पुस्तकांत शाळेच्या अंगणाशी दलित मुलाचा पहिला संबंध साफसफाईतून येतो. ‘जूठन’मध्ये पुढे हेही आहे की, शाळेच्या अभ्यासेतर कार्यक्रमांत त्याला वगळले जाई, नाटकाच्या तालमी चालू असताना तो दाराबाहेर उभा राही. मैदान झाडायला तो आत, कार्यक्रमाच्या वेळी तो बाहेर. हलगीवाला मुलगा मात्र आत आहे. फरक पडला आहे, हे मी नाकारीत नाही. पण कामाची वाटणी जुनीच आहे. तिला आता कौतुकाचे शब्द मिळाले आहेत.

४

या मांडणीवर हमखास येणारा आक्षेप असा : खेळात गुण असला की जात मागे पडते. उदाहरण म्हणून बाळू पालवणकरांचे नाव घेतले जाते. तेव्हा त्यांचेच उदाहरण नीट पाहू.

पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीवर होते, महिना चार रुपयांवर. गोऱ्या फलंदाजांना सराव देता देता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. गोलंदाजी त्यांच्याकडून करून घेतली गेली. बॅट मात्र त्यांच्या हातात दिली गेली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत होते. चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात येत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही सहजासहजी नव्हे. यावरून सिद्ध काय होते? गुणाने जात मागे पडली नाही. जातीला हव्या तेवढ्या वेळेपुरती ती बाजूला ठेवली गेली.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला. त्यानंतर वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार त्यांच्या कुटुंबाने केली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच्या काहीच दिवस आधी वंदना यांनी ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू हा मान मिळवला होता. गोल केला की ती देशाची, हरली की जातीची. छात्राध्यापकांच्या वहीतल्या ‘सांघिक भावना वाढीस लागली’ या वाक्याशेजारी ही घटना ठेवून पाहावी.

५

याचा अर्थ शारीरिक शिक्षण हेच वर्चस्वाचे हत्यार आहे, म्हणून ते टाकून द्यावे, असा कोणी काढेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. आपल्यातले काही तरुण छात्राध्यापक कवायतीकडे तुच्छतेने पाहतात. ‘सावधान-विश्राम’ म्हणजे गुलामीचे शिक्षण, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्या शरीराला शतकानुशतके वाकूनच उभे राहायला शिकवले, त्याला ताठ उभे राहण्याची आज्ञा मिळणे ही काय चीज आहे, हे महारांच्या पलटणींना ठाऊक होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच परंपरेतले. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा समाजाने अर्जविनंत्या केल्या त्या केवळ पगारासाठी नव्हत्या. पुढे १९२० च्या दशकात समता सैनिक दल उभे राहिले. त्यातही कवायत होती, गणवेश होता, संचलन होते. शाळेतली कवायत हुकूम पाळायला शिकवते. दलाच्या कवायतीने माणसे रस्त्याच्या मधून चालायला शिकली. कृती तीच, पण ती कोणाच्या बाजूने उभी आहे हे बदलले की तिचा अर्थ बदलतो.

म्हणून मैदान सोडायचे नाही, ते मिळवायचे आहे. आणि इथे मला आपल्या समीक्षेकडून एक अपेक्षा आहे. दलित बालपण आम्ही फक्त दुःखाचा दस्तऐवज म्हणून वाचले. त्यातली पोरे सूरपारंब्या खेळतात, नदीत डुंबतात, एकमेकांना शिवून पळतात. या मजकुरावरून आम्ही घाईने नजर फिरवतो, कारण तो विद्रोहाच्या चौकटीत बसत नाही. पण आनंद नाकारला जाणे हाही अन्यायच असतो आणि नाकारलेला आनंद माळावर परत मिळवणे हाही एक नकारच. ‘अक्करमाशी’तल्या त्या माळावरचा दुसरा खेळ केवळ बहिष्काराची खूण नाही. ती पोरे खेळत आहेत, याचीही समीक्षेने नोंद घेतली पाहिजे.

६

राहिला प्रश्न व्यवहाराचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे, असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या शंभरच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक असावा, आणि तोही अर्धवेळ. म्हणजे लहान पटाच्या शाळेला तोही नाही. अशा शाळा कुठे असतात आणि त्यांत कोणाची मुले शिकतात, हे शिक्षकांना सांगायला नको. दुसरीकडे ठरावीक पातळीवर खेळणाऱ्याला दहावी-बारावीत वाढीव क्रीडागुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. ज्याला मैदान, बूट आणि मार्गदर्शक मिळाला, त्याच्यापर्यंत हे लाभ जातात. खेळाचा तास गणिताच्या सरांनी घेतला तर अभ्यासू घरच्या मुलाचे काही बिघडत नाही; तो संध्याकाळी क्लबात जातो. ज्याचे एकमेव मैदान शाळेचे आहे, त्याचे तेवढेच बुडते. तेव्हा खेळ हा पोटाच्या प्रश्नापलीकडचा विषय आहे, हा आपल्या कार्यकर्त्यांचा समज आता सोडला पाहिजे.

छात्राध्यापकांना माझे सांगणे थोडके आहे. ‘जोड्या करा’ ही आज्ञा देऊ नका; रांग करा, एक-दोन मोजा आणि जोड्या तुम्ही लावा. दोन कप्तानांना भर मैदानात गडी निवडायला सांगू नका. शेवटी उरलेल्या मुलाला ते आयुष्यभर आठवते. खडे वेचण्याची, फक्की मारण्याची, पाणी भरण्याची आणि शिट्टी धरण्याची पाळी लावा, आणि ती पाळी भिंतीवर लिहून ठेवा. हलगी फिरती ठेवा. एवढ्याने जात जाणार नाही. पण निदान तुमच्या हातून, तुमच्या तासाला, ती नव्याने शिकवली जाणार नाही.

आणि शिक्षक-प्रशिक्षण चालवणाऱ्यांना माझी मागणी आहे की, वहीतला ‘अनुभव’ हा रकाना चार ओळींचा ठेवू नये. वीस आठवडे मैदानावर उभ्या राहणाऱ्या तरुणाला तिथे कोण खेळले, कोण बसून राहिले, कोणाला बूट नव्हते, कोण नळाकडे गेले, हे लिहायला पाने द्यावीत आणि ते लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत. मागच्या पानावरची पेन्सिलीची अक्षरे पुढच्या पानावर शाईने यायला हवीत. आपल्या नियतकालिकांनीही त्यांच्याकडे मजकूर मागावा. कवितेसाठी आणि कथेसाठी आपण जागा राखून ठेवतो. तशी दोन पाने या वह्यांसाठी ठेवायला हरकत नसावी.